रुमालाबाहेरचा भाव

“वैनी, ती टेप गळ्यातनं काढा की. लोकं हसाय लागल्यात,” सोपान दलाल म्हणाला.

मी काढली नाही. शिरसवाडीच्या रविवारच्या जनावरांच्या बाजारात, नऊ रेड्यांच्या दावणीपुढं मी पालथ्या बादलीवर बसले होते आणि गळ्यात माझी शिलाईची पिवळी टेप होती. येणारा-जाणारा आधी रेड्यांकडं बघायचा, मग टेपकडं, मग माझ्याकडं. एकानं विचारलंच, “काय बाई, रेड्यास्नी झंपर शिवताय व्हय?”

“कापड आणा, शिवते,” मी म्हणाले. “मजुरी तेवढी दुप्पट पडंल. छाती एकोणसाठ इंच हाय.”

तो हसत पुढं गेला. हसतील त्यांचे दात दिसतील, असं माझी आई म्हणायची. त्या दिवशीच्या विक्रीवर आमचं आपल्या गावी, पलीकडच्या वाडीत, राहायचं की वाडी सोडायची, हे ठरणार होतं.

आमचे मालक, म्हणजे माझे यजमान मच्छिंद्र, दूध संघाच्या गाडीवर ड्रायव्हर होते. ती गाडी बंद झाली. त्यांच्या चुलतभावानं भोसरीत दोघांसाठी काम बघून ठेवलं होतं. त्यांना टेम्पो आणि मला कपड्याच्या कंपनीत मशीन. मी जाऊन बघून आले होते. तिथं एक बाई दिवसभर नुसत्या कॉलरी शिवते, दुसरी नुसती काजं करते. अख्खा झंपर कुणाच्याच हातून होत नाही. मी म्हणाले, मला एक संधी द्या. रेडे विकून खर्च जाऊन हातात काही उरलं तर वाडीतच राहू, नाही तर दिवाळी झाली की मुकाट्यानं भोसरीला येते. मालक म्हणाले, ठरलं.

हे रेडे माझ्याकडं आले कसे, तेही सांगते. आमच्या भागात घरोघरी म्हशी. म्हैस व्याली आणि रेडी झाली की पेढे, रेडकू झालं की सगळ्यांची तोंडं पडलेली. रेडकाला दूध पाजायचं म्हणजे डेअरीला तेवढं कमी. मग त्याला बाजूला बांधायचं आणि पंधरा-वीस दिवसांत ते आपोआप जायचं. कुणी मारलं म्हणायला नको आणि कुणी जगवलं म्हणायलाही नको. शिवायला आलेल्या एका बाईच्या दारात मी असलं एक रेडकू बघितलं. ते उभं राहायला बघत होतं आणि पडत होतं. मी तिला म्हणाले, “झंपराची शिलाई देऊ नका. हे द्या.” तिनं माझ्या कपाळाला हात लावून बघितला.

अशी नऊ झाली. कुणाच्या चार झंपरांत, कुणाच्या परकराच्या शिलाईत. पहिले दोन महिने बाटलीनं दूध, मग पेज, मग मका आणि सरकीची पेंड. वाडी म्हणायची, शालनबाई चार आण्याच्या कोंबडीला बारा आण्याचा मसाला घालती. ती रेडकं शेवटी कुठं जाणार, ते मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी काही त्यांची नावं ठेवली नव्हती. तरी एक बुटका होता, त्याला सगळे बुटकाच म्हणायचे, आणि नाव पडायचं ते पडलंच. त्यानंच माझ्या टेपचं टोक चघळून चघळून पहिला इंच पुसून टाकला होता.

टेप लावायला मला जनावरांच्या डॉक्टरांनी शिकवलं. छातीचा घेर इंचात, त्याला त्यानंच गुणायचं, मग लांबीनं गुणायचं आणि सहाशे साठनं भागायचं. किलोत वजन येतं, थोडं इकडंतिकडं. डॉक्टरांना वाटलं बाईला जमणार नाही. अहो, मापं घेणं हा तर माझा धंदा. दर महिन्याला मी नऊ जणांची मापं वहीत घेत होते, गिऱ्हाइकांच्या मापांच्या शेजारीच.

आता बाजारातल्या सौद्याची रीत सांगते. तिथं भाव तोंडानं बोलत नाहीत. घेणारा खांद्यावरचा रुमाल दोघांच्या हातांवर टाकतो आणि खाली बोटं धरतो. एक बोट धरलं की एक, मूठ धरली की पाच. हजारात की शेकड्यात, ते डोळ्यानं कळतं. वरून दोघं पावसापाण्याचं बोलत असतात आणि खाली रुमाल हलत असतो. शेजारच्या दावणीला काय भाव गेला ते कुणालाच कळत नाही. व्यापारी मग प्रत्येक जनावर त्याच्या त्याच्या भावानं उचलतो, आणि विकणाऱ्याची गरज बघूनही.

सकाळी सोपाननं कुणा व्यापाऱ्याच्या वतीनं आमच्या मालकांचा हात रुमालाखाली घेतला होता. आमचे मालक फार भिडस्त. दुकानदारानं सुट्टे पैसे कमी दिले तरी हे मागायचे नाहीत. त्यांनी होकाराची मान डोलावलेली मी लांबून बघितली आणि उठून गेले.

“किती?” मी विचारलं.

“बाहीर बोलत न्हाईत,” मालक हळूच म्हणाले.

“मी तुमची बायको हाय का बाजार?”

मग कानात सांगितलं. नगाला तेरा हजार, लहान-मोठे सरसकट. माझा खर्चच नगामागं साडेबारा होता. म्हणजे दीड वर्ष मी नगामागं पाचशे रुपयांसाठी शेण काढत होते. मी सोपानला म्हणाले, “न्हाई जमायचं.” सोपान मालकांकडं बघायला लागला. मालक रेड्यांकडं बघायला लागले. तो सौदा मोडला आणि मालक दोन तास माझ्याशी बोलले नाहीत. अकरा वाजेपर्यंत दुसरं कुणी आलंही नाही. ऊन चढलं. नऊच्या नऊ परत नेऊन बांधायचे तर टेम्पोचं भाडंही अंगावर पडणार होतं. भोसरीतल्या कॉलरी मला दिसायला लागल्या.

तेवढ्यात दस्तगीर बेपारी आले.

दस्तगीरचाचांना त्या बाजारात सगळे ओळखायचे. साठीच्या पुढचे, पांढरी दाढी, खांद्यावर जाड पांढरा रुमाल. नजरेचा पक्का आणि भावाला कडक, अशी ख्याती. त्यांनी बोलायच्या आधी प्रत्येक रेड्याच्या पाठीवरून हात फिरवला, माकडहाड दाबलं, मग पोटाखाली तळहात धरला आणि थबकले.

“पाणी कवा पाजलं?” त्यांनी मालकांना विचारलं.

मालकांनी माझ्याकडं बघितलं. “काल सांजच्याला,” मी म्हणाले. “आज काय न्हाई.”

“आन मीठ?”

“मीठ कशाला?”

आजूबाजूचे हसले. सोपाननं मला हळूच समजावलं. बाजाराच्या आदल्या रात्री जनावराला मीठ चारतात, ते सकाळी बादल्यांनी पाणी पितं आणि पोट असं गच्च दिसतं. सगळेच करतात.

“मी माप घेताना बाईला सांगते, पोट आत वडू नका, फुगवू नका,” मी म्हणाले. “खोट्या मापाचा झंपर आठ दिसात उसवतो.”

चाचा हसले नाहीत. त्यांनी खांद्यावरचा रुमाल काढला आणि मालकांकडं हात पुढं केला.

“भाव मी करणार हाय,” मी म्हणाले. “मापं माझ्याकडं हायेत.”

रुमाल चाचांच्या हातात तसाच राहिला. परक्या पुरुषाच्या हातात, रुमालाखाली, बाईचा हात? सोपानच घाईनं पुढं झाला. “चाचा, वैनीचं काय मनावर घेऊ नगा. मालक हायेत की. नाय तर मी घालतो हात वैनीच्या वतीनं.”

मी उठून उभी राहिले. आपण काय बोलून बसलो, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं. पण माघार घेतली असती तर पुन्हा तोच रुमाल, पुन्हा मालकांची मान आणि पुन्हा तेरा हजार.

चाचांनी रुमालाची घडी केली आणि ती बुटक्याच्या पाठीवर ठेवली.

“मग तोंडानं बोलू, ताई,” ते म्हणाले.

“चाचा, मोठ्यानं?” सोपान दचकला. “भर बाजारात? झाकली मूठ सव्वा लाखाची.”

“मूठ माझी हाय नव्हं?” चाचा म्हणाले. “ताई, लावा टेप.”

मला वाटलं, हा माणूस माझा तमाशा करतोय. माणसं जमायला लागली होती. चाचांनी पहिल्या रेड्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “दोनशे चाळीस.” मी टेप लावली. घेर एकोणसाठ, लांबी शेहेचाळीस. वहीवर हिशेब केला. “दोनशे बेचाळीस,” मी सांगितलं. दुसऱ्यात आम्हा दोघांत तीन किलोंचा फरक पडला. बुटक्याला बघून म्हणाले, “हा दिसतो तसा न्हाई, भरीव हाय. दोनशे पंधरा.” टेप म्हणाली, दोनशे सतरा. आता माणसं टाळ्या द्यायला लागली होती. कुणीतरी चहा घेऊन तिथंच उभं राहून बघत होतं. सहाव्या रेड्याला चाचा म्हणाले, “दोनशे साठ.” माझ्या टेपनं दोनशे अठ्ठेचाळीस आले. बारा किलो. क्षणभर वाटलं, गप्प बसावं. चाचांच्या तोंडून आलेलं वजन, माझं काय जातं. पण वहीत महिन्या-महिन्याची मापं होती, ती खोटी कशी करू? “दोनशे अठ्ठेचाळीसच हाय,” मी म्हणाले.

“चाचा चुकलं,” कुणीतरी ओरडलं.

“चुकलो,” चाचा म्हणाले. “टेपचं धरा.”

नऊ झाले. मग चाचा दावणीच्या मधोमध उभे राहिले आणि पलीकडं लिंबाखाली बसलेल्या माणसांनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “सत्तर रुपये किलो. जित्या जनावराचं वजन.”

मी मनात साठाच्या वर काहीही मिळालं तर घ्यायचं ठरवून आले होते. सत्तर ऐकून लगेच हो म्हणावंसं वाटलं, पण बाजारात आलेली बाई मी, म्हणून म्हणाले, “पंच्याहत्तर करा.”

“सत्तर.”

“बाहत्तर तरी.”

“ताई, मोठ्यानं बोललेलं वर बी जात न्हाई आन खाली बी येत न्हाई.”

मी मालकांकडं बघितलं. त्यांचे ओठ हलत होते, ते मनात गुणाकार करत होते. मी म्हणाले, “दिले.”

एवढ्यात शेजारच्या दावणीवाला पुढं आला. “चाचा, माझ्या म्हशीबी सत्तरनं घ्या.” त्याच्या मागं दुसरा, तिसरा. बघता बघता पंधरा-वीस जण चाचांभोवती. कुणाची म्हातारी भाकड म्हैस, कुणाचा पाण्यानं फुगवलेला टोणगा, सगळ्यांना सत्तर पाहिजे होते. चाचा मान हलवत होते. सोपान कपाळाला हात लावून उभा होता. आणि मी, जिंकल्याच्या धुंदीत, काय बोलले असेन? भर गर्दीत म्हणाले, “का हो चाचा, आम्हाला एक न्याय आन त्यास्नी दुसरा व्हय? द्या की सगळ्यास्नी सत्तर.”

माणसं हसली. चाचांनी माझ्याकडं बघितलं, दाढीवरून हात फिरवला आणि म्हणाले, “ताई, तुमची जनावरं चढवून घेऊ आधी.”

रेडे एकेक करून ट्रकात चढले. चाचा स्वतः दोर धरून, चुचकारत चढवत होते, काठी लावू देत नव्हते. बुटका फळीवर पाय ठेवायच्या आधी माझ्याकडं वळला आणि त्यानं टेपच्या टोकाला तोंड घातलं. मला रडू आलं. दीड वर्ष ज्यासाठी केलं ते झालं होतं आणि मला रडू येत होतं, दोन्ही खरं होतं. चाचा थांबले. घाई केली नाही. माझ्या हातून टेप सुटली तेव्हा म्हणाले, “असं वाटाय पायजे, ताई. ज्येला वाटत न्हाई त्यानं जनावर पाळू नये.”

ट्रक गेला. आमचे मालक रिकाम्या दोरांची गुंडाळी हातात घेऊन उभे होते. “भोसरीला फोन करून सांगतो,” ते म्हणाले, “येत न्हाई म्हणून.”

पुढच्या वर्षी माझ्याकडं वीस रेडकं होती. चाचा त्यानंतर कधी माझ्यासाठी बाजारात थांबले नाहीत, घरीच यायचे. दावणीपुढं उभं राहून आधी आपला अंदाज सांगायचे, मग माझी टेप, मग मोठ्यानं भाव. आणि मी सगळ्या वाडीला सांगत फिरायचे की चाचाला मी भर बाजारात हरवलं, म्हणून बिचारा आता दारात येतो. ही गोष्ट मी किती वेळा रंगवून सांगितली असेल, त्याची आठवण झाली की आज जीभ चावावीशी वाटते.

सहा वर्षांनी सोपान त्याच्या मुलीच्या लग्नाचे झंपर शिवायला घेऊन आला. मुलगी आतल्या खोलीत कापडं उलगडत होती. मी चहा दिला आणि सवयीनं तीच गोष्ट काढली. सोपाननं कप खाली ठेवला.

“वैनी, एक बोलू? त्या दिशी चाचांचा बत्तीस जनावरांचा बेत हुता. मोठी गाडी आणली हुती. तुमची नऊ घेऊन गेलं.”

“बाकीची का न्हाई घेतली?”

“कोण देतंय? सत्तर म्हणून बाजारभर झालं. लोकं म्हणाय लागली, बाईला सत्तर आन आम्हाला पन्नास? आता भाकड म्हैस आन मक्यावर वाढलेला रेडा एका भावात कसा जाईल? पर उघड बोलल्यावर कोण ऐकतंय? निम्म्याहून जास्त गाडी रिकामी गेली त्येंची. डिझेल तरी निघालं आसंल का न्हाई, कुणास ठावं. पुढं चार बाजार लोकं त्येंच्या रुमालात हात घालीनात. तोंडानं बोला म्हणायची.”

मला माझंच वाक्य आठवलं. द्या की सगळ्यास्नी सत्तर.

“त्यांना हे आधी कळलं नव्हतं का?” मी विचारलं.

“चाळीस वर्सं धंदा केलेला माणूस, वैनी. कळलं नसंल व्हय? मी इचारलं त्यास्नी, असं का केलं. तर म्हणलं, सोपान, माझी आई शेळ्या पाळायची. बाईमाणूस रुमालात हात कसा घालंल? मग कुणीतरी तिच्या वतीनं घालायचा आन यिऊन सांगंल त्यो भाव. ती मरस्तवर म्हणायची, माझी काळी शेळी कितीला गेली, ते काय मला कवा कळलं न्हाई.”

आतून मुलीनं हाक मारली, “काकू, माप घेता का?” मी गेले. टेप लावली तर आकडे दिसेनात. तिला म्हणाले, थांब जरा, डोळ्यात कायतरी गेलंय.

दुसऱ्या दिवशी मी शिरसवाडीला चाचांच्या घरी गेले. जाताना जाड पांढऱ्या कापडाचा एक रुमाल शिवून नेला, चारी बाजूंनी दुहेरी टीप घालून. चाचांचा धंदा तेव्हा मुलानं घेतला होता. ते अंगणात खाटेवर बसले होते. आत मदिनाचाची भाकरी थापत होत्या, त्याचा आवाज येत होता. चाचांनी रुमाल हातात घेतला, त्याखाली आपलाच हात धरून बघितला.

“लई जाड हाय,” ते म्हणाले. “बोटं हलल्याली बी दिसायची न्हाईत.”

मी खाटेजवळच्या दगडावर बसले. रस्ताभर जे जुळवत आले होते ते सगळं विसरले. खाली मान घालून पुटपुटले, “चाचा, मला कालच कळलं. त्या दिवशी तुम्ही माझ्यासाठी किती सोसलं ते.”

चाचांनी कानामागं हात धरला. “आँ?”

म्हातारपण आलं, ऐकू कमी येत असेल. मी जरा मोठ्यानं म्हणाले, “तुमची गाडी रिकामी गेली, माझ्यामुळं.”

“काय रिकामं?”

“गाडी. आन मीच वर तुम्हाला चारचौघांत बोलले.”

“मोठ्यानं बोला ताई, वय झालं.”

गल्लीत पोरं क्रिकेट खेळत होती, ती थांबली. समोरच्या घरातली बाई धुणं पिळता पिळता बघायला लागली. मला लाज वाटत होती, पण तोंडात आलेलं परत गिळणंही जमत नव्हतं. मी उठून उभी राहिले आणि सगळा जीव एकवटून ओरडले, “तुमच्यामुळं मी वाडीत राहिले, चाचा. माझं घर, माझी दावण, सगळं तुमच्यामुळं हाय. मी तुमचे उपकार मानायला आलेय.”

समोरची बाई पिळलेलं लुगडं हातात धरून तशीच उभी होती. आतून भाकरी थापण्याचा आवाज थांबला आणि मदिनाचाची दारात आल्या.

“का वरडतीस गं बाय?” त्या म्हणाल्या. “त्यास्नी समदं ऐकू येतं.”

मी चाचांकडं बघितलं. दाढीत हसू मावत नव्हतं. त्यांनी रुमालाची घडी करून खांद्यावर टाकली.

“मला पैल्याच येळंला ऐकू आलं हुतं, ताई,” ते म्हणाले. “गल्लीला आलं नव्हतं.”